बाईचा नव्हे, विषाणूचा डीएनए

‘कॅन्सर ज्याच्या रक्तात असतो त्यालाच होतो.’ नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर तंबाखू मळता मळता हे वाक्य टाकलं जातं आणि पुरावा म्हणून नव्वदीपर्यंत चंची न सोडलेला कुणाचा तरी आजा उभा केला जातो. पारावरच्या या वाक्याशी भांडण्यात फारसा अर्थ नाही. तंबाखू सोडायची नाही म्हणून ते बोललं जातं, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं. मला भांडायचं आहे ते त्याच वाक्याच्या शिकलेल्या आवृत्तीशी. ती अशी: प्रतिकारशक्ती घडवणारी जनुकं माणसागणिक वेगळी असतात, हे आता सिद्ध झालं आहे. काहींचं शरीर विषाणूला आणि बिघडलेल्या पेशीला चटकन ओळखतं, काहींचं ओळखत नाही. मग 2011 च्या जनगणनेतच 45 लाखांवर गेलेल्या जिल्ह्यात सरसकट सगळ्यांच्या तपासण्या कशाला? थोडी लाळ घ्या, जनुकं वाचा, धोका जास्त निघेल त्यांनाच बोलवा. पैसा वाचेल, वेळ वाचेल आणि बाकीच्यांच्या जिवाला घोर लागणार नाही.

हे ऐकायला इतकं समंजस वाटतं की एरवी चौकस असणारी माणसंही मान डोलावतात. यातलं विज्ञान खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र त्याच विज्ञानाच्या उलट जातो.

विज्ञान आधी, आणि हात आखडता न घेता. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांचा पुंजका आहे. 1958 साली फ्रेंच डॉक्टर झाँ दोसे यांनी यातला पहिला रेणू ओळखला आणि 1980 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पोटातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे या रेणूंच्या खोबणीत ठेवून बाहेरच्या बाजूला मांडते. फिरत्या टी-पेशी ते तपासत जातात. तुकडा परका निघाला, विषाणूचा असला किंवा कॅन्सरकडे कललेल्या पेशीतला असला, तर त्या पेशीवर हल्ला होतो. पण कुठला तुकडा खोबणीत नीट बसणार, हे आईकडून आणि बापाकडून कोणते प्रकार आले यावर अवलंबून. जगात असे 40,000 हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. सख्ख्या भावाचा संच पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, हे बोन मॅरोचा दाता शोधत फिरलेल्या कुटुंबांना कुणी शिकवावं लागत नाही.

तेव्हा या वारशाचा कॅन्सरशी संबंध असणारच. सगळ्यात ठसठशीत पुरावा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा आहे. तो एचपीव्ही या विषाणूच्या काही जातींमुळे होतो, त्यातही 16 आणि 18 या दोन जाती मुख्य. लागण पुष्कळ बायकांना होते आणि बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत विषाणूला हुसकावून लावतं. थोड्या जणींच्या अंगात तो ठाण मांडतो आणि पुढे दहा-वीस वर्षांनी कॅन्सर करतो. कुणाचं शरीर हुसकावणार, यात एचएलएचा हात आहे. डीआरबी1 तेरा आणि डीक्यूबी1 सहा-तीन ही जोडी अनेक देशांतल्या अभ्यासांत राखण करताना दिसली. डीआरबी1 पंधरा आणि डीक्यूबी1 सहा-दोन ही जोडी धोका वाढवताना दिसली. स्वीडनमध्ये रक्ताची नाती आणि दत्तक नाती यांची तुलना करून 1999 साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आला: या रोगाकडे असलेल्या कलातला सुमारे 27 टक्के वाटा आनुवंशिक. त्याच गटाने 2013 मध्ये सगळा जनुकसंच चाळून पाहिला, तेव्हा बोट पुन्हा त्याच सहाव्या गुणसूत्रावरच्या पुंजक्यावर टेकलं.

27 टक्के हा आकडा लहान नाही. ‘आधी जनुकं वाचा’ म्हणणाऱ्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. म्हणून त्याच स्वीडनला पुन्हा बोलावू. 2020 साली तिथल्या लाखो मुलींच्या नोंदींवरून ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आला: वयाच्या सतराव्या वर्षाच्या आत एचपीव्हीची लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर 88 टक्क्यांनी कमी. लस टोचताना कुणाचा एचएलए पाहिला नव्हता. तेरा-सहातीनवाल्या मुली होत्या, पंधरा-सहादोनवाल्याही होत्या. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत, ती होती तशीच राहिली. विषाणूच आत शिरला नाही, तेव्हा 27 टक्क्यांच्या वारशाला करायला फारसं काही उरलं नाही.

आनुवंशिक वाटा सांगणारे आकडे वाचताना नेमकं इथेच गफलत होते. ‘27 टक्के आनुवंशिक’ म्हणजे 27 टक्के अटळ, असं नव्हे. तो आकडा एका विशिष्ट समाजात, विशिष्ट काळात, त्या विषाणूच्या सान्निध्यात काढलेला असतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. कावीळ बी घ्या. एचएलए-डीपी या जनुकाच्या काही प्रकारांमुळे त्या विषाणूची लागण जुनाट होण्याचा धोका वाढतो, हे जपानी संशोधकांनी 2009 साली दाखवलं. जुनाट लागणीतून यकृताचा कॅन्सर होतो. पण तैवानने 1984 मध्येच नवजात बाळांसाठी लसीची देशव्यापी मोहीम सुरू केली होती आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर उतरणीला लागल्याचं 1997 मध्ये जाहीरही झालं होतं. म्हणजे कुठल्या जनुकाने धोका वाढतो हे कळायच्या बारा वर्षं आधी धोका घटल्याचा पुरावा हातात होता. कडब्याची गंजी वाळलेली असो की दमट, ठिणगी पडलीच नाही तर ती पेटत नाही. तैवानने गंज्या मोजत बसण्याऐवजी ठिणगी आवरली.

आता इतक्या लांब जायचीही गरज नाही. जामखेडच्या शिवेला लागून भूम तालुका आहे. भूम, परंडा आणि बार्शी या तालुक्यांतल्या खेड्यांत 1987 पासून कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते, ती भारतातली पहिली ग्रामीण नोंदवही. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने हे काम उभं केलं आणि त्याच पायावर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट. काही गटांत एकदाच एचपीव्हीची तपासणी, काहींत पॅप, काहींत व्हिनेगर लावून नजरेने पाहणी, काहींत फक्त माहिती. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल 2009 साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासलेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू; फक्त माहिती दिलेल्या गटात 64. पुढच्या पायरीवर पोचलेले कॅन्सर एका बाजूला 39, दुसऱ्या बाजूला 82. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मरण जवळजवळ निम्म्यावर आलं.

(फक्त माहिती देऊन ज्या गटाला तपासणीविना ठेवलं, त्याबद्दल नंतर टीका झाली आणि ती टीका मला रास्त वाटते. पण त्या बायकांनी दिलेली किंमत वाया घालवणं हा दुसरा अन्याय होईल.)

या चाचणीतही डीएनए तपासला गेला होता, हे विसरू नये. फक्त तो बाईचा नव्हता, विषाणूचा होता. ‘आम्ही आधुनिक, तुम्ही जुनाट’ असा आव आणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो. आपल्या सीमेपलीकडच्या खेड्यांत अस्सल आधुनिक जीवशास्त्र पंचवीस वर्षांपूर्वी कामाला लावलं गेलं होतं. तिथे प्रश्न नेमका विचारला गेला: ही बाई आज त्या विषाणूला अंगात वागवते आहे का? तिचं एचएलए कुठलंही असो, विषाणू ठाण मांडून बसला असेल तर तिच्या शरीराने त्याला हुसकावलेलं नाही, एवढं एका नमुन्यात कळतं. जनुकं सांगतात ती शक्यता. ही तपासणी झालेली गोष्ट सांगते. निकाल हातात असताना अंदाज विकत घेण्याचं कारण मला तरी सापडत नाही.

आता तंबाखूकडे. इथे शिकलेल्या आवृत्तीला आणि पारावरच्या आवृत्तीला एकाच ताटात जेवताना पाहता येतं. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘सायन्स’मध्ये एक लक्षवेधी निबंध आला. ब्रिटन आणि फिनलंडच्या मोठ्या जनुक-संग्रहांवरून संशोधकांनी दाखवलं की एचएलएच्या दुसऱ्या वर्गातल्या जनुकांच्या दोन्ही प्रती वेगवेगळ्या असतील, म्हणजे आई-बापांकडून वेगळा माल आला असेल, तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कमी असतो. प्रती वेगळ्या म्हणजे अधिक तऱ्हांचे तुकडे मांडता येतात, टी-पेशींच्या नजरेला जास्त काही पडतं. पण हा फायदा दिसला तो धूम्रपान करणाऱ्यांत आणि पूर्वी केलेल्यांत. कधीच न ओढणाऱ्यांत तो दिसला नाही. वारशाचा फरक उठून दिसायला आधी धूर लागला. याच निबंधाचा आधार घेऊन कुणी ‘माझा संच चांगला आहे, मला काही होत नाही’ म्हणू लागला, तर त्याने तो उलटा धरून वाचला आहे.

आपल्याकडे धुरापेक्षा चघळणं मोठं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते आणि 24.4 टक्के धुराविनाची: चुन्याबरोबर मळलेली, मावा, खर्रा, मिश्री. ओढणारे फक्त 3.8 टक्के. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण साध्या जर्द्यावर नाही. आणि राज्यभर ज्या गायछापच्या पुडीवर पहाटेची कामं सुरू होतात, ती तयार होते आपल्याच संगमनेरात. जनुकांवर चर्चासत्रं घेणाऱ्या किती जणांनी या पुडीबद्दल तोंड उघडलं आहे? गाल आणि जिभेचा कॅन्सर या जिल्ह्याच्या घराघरांतला आहे, आणि त्याचं सगळ्यात जवळचं कारण किराणा दुकानात टांगलेलं असतं.

टाटा मेमोरियलच्या खारघर येथील अॅक्ट्रेक केंद्राने याच गालाच्या कॅन्सरचा जनुकीय अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दोन गोष्टी समोर आल्या. तंबाखू चघळणाऱ्यांना हा कॅन्सर होण्याचा धोका न चघळणाऱ्यांच्या सुमारे 26 पट. आणि चघळणाऱ्यांमध्ये ज्यांच्या वारशात धोका वाढवणारे प्रकार जास्त, त्यांना तो साधारण दहा वर्षं आधी गाठतो. दहा वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. पोरं शाळेत असताना बाप जाणं आणि पोरं कमवायला लागल्यावर जाणं यातलं ते अंतर आहे. पण वाक्याची रचना पाहा: ‘चघळणाऱ्यांमध्ये’. जनुक वर्षं ठरवतं, पुडी रोग आणते. नव्वदी गाठलेल्या आज्याचं कोडंही इथेच सुटतं. तो वाचला कारण काही जण वाचतातच. त्याच्याबरोबर मळून खाणारे जे पन्नाशीत गेले, ते पारावर साक्ष द्यायला येत नाहीत.

आता खर्च वाचवण्याच्या युक्तिवादाकडे येऊ, कारण तोच सगळ्यात टिकाऊ आहे. मान्य, पैसा कमी आहे. मग समजा जनुक पाहून निवड केली. गणित सोपं आहे, आकडे निव्वळ हिशेबासाठी घेतलेत. दहा हजार बायका. त्यांतल्या 2,500 जणींकडे धोका दीडपट करणारा प्रकार आहे. एकेका एचएलए प्रकाराचा परिणाम बहुधा याच्याच आगेमागे असतो, 26 पट नव्हे. बाकीच्या 7,500 जणींत शंभरात एकीला रोग होतो असं धरू. म्हणजे ‘सुरक्षित’ गटातून 75 रोगी, ‘धोक्याच्या’ गटातून 37 किंवा 38. तुम्ही फक्त दुसऱ्या गटाला बोलावलंत, तर दर तीन रोग्यांतल्या दोघी घरीच राहिल्या, आणि वर प्रमाणपत्र घेऊन राहिल्या. जेफ्री रोझ या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने हे चार दशकांपूर्वीच मांडलं होतं: थोड्या धोक्याची पुष्कळ माणसं मिळून जास्त धोक्याच्या थोड्या माणसांपेक्षा अधिक रोगी पुरवतात. हा हिशेब कुठल्याही प्रयोगशाळेत बदलत नाही.

शिवाय ‘चांगली’ आणि ‘वाईट’ जनुकं अशी वाटणीच इथे नीट होत नाही. गर्भाशयमुखाच्या बाबतीत वाईट ठरलेली ती पंधरा-सहादोनची जोडी पहिल्या प्रकारच्या मधुमेहापासून भक्कम संरक्षण देते. स्तनाच्या कॅन्सरवर 2024 साली ‘सायन्स’मध्येच आलेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात तर कथा अजून गुंतागुंतीची निघाली. जन्मजात वारशामुळे कॅन्सरची काही प्रथिनं टी-पेशींच्या नजरेस सहज पडतात, अशा बायकांना काही प्रकारचे स्तनाचे कॅन्सर कमी होतात. पण तरीही झालाच तर तो पहाऱ्याला चुकवायला शिकलेला, म्हणून जास्त आक्रमक असतो. आता अशा बाईच्या अहवालावर हिरवा शिक्का मारायचा की लाल? करोनानंतर ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणत काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांच्या लेखी प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, जितकं जास्त तितकं बरं.

आणखी एक धोका आपल्या मातीतला आहे. भारतात एचएलएचे अभ्यास बरेचदा जातींच्या नावाने झाले. शास्त्रीयदृष्ट्या त्याला कारण आहे, पिढ्यान्पिढ्या जातीतच लग्नं झाल्याने प्रकारांचं प्रमाण गटागटांत वेगळं दिसतं. पण ही माहिती प्रयोगशाळेतून बाहेर पडून नगरच्या बाजारपेठेत आली की तिचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. ‘आमच्या समाजात हा रोग नाही’ आणि ‘त्यांच्यात असतोच’ ही दोन वाक्यं तयारच आहेत. त्यांना फक्त प्रयोगशाळेचा कागद हवा आहे. मुलगी पाहायला येणारे पत्रिकेबरोबर जनुकांचा अहवालही मागतील. गटाची सरासरी एका मुलीच्या कपाळावर चिकटवण्याइतकं चूक दुसरं काही नाही, आणि आपण नेमकं तेच करू.

हा निव्वळ कल्पनाविलास नाही. कॅन्सरची भीती विकून काय होतं, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने पाहिलं आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचं 2019 मध्ये उघड झालं, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातंय म्हणून गेलेल्या तिशीतल्या बाईला ‘पुढे कॅन्सर होईल, आत्ताच काढून टाक’ असं सांगितलं गेल्याच्या कहाण्या त्या वेळी गावोगाव ऐकायला मिळाल्या. मुकादमाच्या उचलीतून ऑपरेशनचे पैसे भागले आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा कोयत्यावर. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बायका याच फडांवर जातात. आता या व्यवस्थेच्या हातात ‘तुझ्या जनुकात धोका आहे’ असा कागद द्या. एक साधी सोनोग्राफी दाखवून पिशवी काढता आली. जनुकीय अहवाल दाखवून काय काय काढता येईल?

काही वारसे या सगळ्याला अपवाद आहेत आणि ते लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. बीआरसीए जनुकातले दोष हे दीडपटीच्या खेळातले नाहीत. ते स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढवतात. आई, मावशी, बहीण यांना चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर त्या घरातल्या बायकांना समुपदेशन आणि तपासणी मिळायलाच हवी, आणि ती आपल्या ग्रामीण रुग्णालयांतून जवळजवळ मिळत नाही. आतड्याच्या कॅन्सरसाठी लिंच हा दोषही तसाच. पण या घरांकडे बोट दाखवून बाकी पंचेचाळीस लाखांच्या लाळेचा ठेका मागणं, ही चलाखी आहे. अशी घरं शोधायला आशाताईने विचारलेले तीन प्रश्न पुरतात. एचएलएचं संशोधनही जोमाने चाललं पाहिजे. लस कशी बनवावी, कुठल्या रोग्यावर इम्युनोथेरपी चालेल, हे त्यातूनच उमगणार आहे. आणि ते युरोपियनांच्या रक्तावर थांबलं तर आपल्या उपयोगाचं नाही. म्हणून 10,000 भारतीयांच्या जनुकसंचाचा जीनोम इंडिया प्रकल्प मला महत्त्वाचा वाटतो. संशोधनासाठी नमुना देणं वेगळं आणि अर्धवट संशोधनावर दवाखान्याची रांग ठरवणं वेगळं.

बरं, प्रतिकारशक्ती पाहूनच निवड करायची असेल, तर करू की! कमकुवत प्रतिकारशक्तीच्या बायकांची यादी प्रत्येक जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, आधीपासून आहे. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सुमारे सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची तपासणी पंचविशीपासूनच सुरू करायला सांगितली आहे. लाळ नको, यंत्र नको, परदेशी सॉफ्टवेअर नको. महिन्याच्या गोळ्या न्यायला आलेल्या बाईला त्याच दिवशी तपासता येतं. तोंडाच्या कॅन्सरचंही तेच. केरळात तिरुवनंतपुरमला झालेल्या चाचणीचे निकाल 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले: प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी तोंडात नुसतं नीट पाहिलं, आणि तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. तिथे धोक्याचा माणूस ओळखण्याची चाचणी होती ‘तंबाखू खाता का?’ एवढी. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी केली, त्यातही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले, आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या बायका होत्या. याउलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा फेरा सांगतो की देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त 1.9 टक्के. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना एकदाही कुणी पाहिलं नाही, आणि आपण वाद घालतोय तो कुणाला वगळायचं यावर.

शिकवून तयार केलेल्या बायका हा शब्दप्रयोग या जिल्ह्याला नवा असू नये. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य 1970 साली जामखेडला आलं. दुष्काळ, कुपोषण, बाळंतपणात मरणाऱ्या बाया, जुलाबाने जाणारी पोरं. जुलाबाने किंवा क्षयाने कोण लवकर जाईल यातही जनुकांचा वाटा असतोच. हगवणीपासून कुष्ठरोगापर्यंत प्रत्येक संसर्गात माणसामाणसांत जन्मजात फरक असतो. आरोळ्यांनी तो फरक शोधण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी गावातल्या बायका निवडल्या, त्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित, त्यांना शिकवलं, आणि पाणी, पोषण, बाळंतपण त्यांच्या हाती सोपवलं. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. ‘गरीब जिल्ह्याला सरसकट काही परवडत नाही’ हे वाक्य निदान या जिल्ह्यात तरी कुणी उच्चारू नये.

परवडण्याचीच गोष्ट काढली म्हणून लसीबद्दलही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅकला जुलै 2022 मध्ये परवानगी मिळाली. एक डोसही पुरतो हे जगाला पटलं, त्यामागे मोठा पुरावा भारताचाच: तीन डोस आणि दोन डोस यांची तुलना करणारी चाचणी 2010 मध्ये वादामुळे मध्येच थांबवावी लागली, हजारो मुलींना एकच डोस मिळाला, आणि पुढच्या दहा वर्षांत त्या एका डोसने 16 आणि 18 या जातींच्या ठाण मांडणाऱ्या लागणीपासून 95 टक्के संरक्षण दिल्याचं 2021 मध्ये दिसून आलं. एक सुई, एकदा, नऊ ते चौदा वयाच्या मुलीला. याच्यापुढे एचएलए वाचण्याचा खर्च मांडून पाहा. तो खर्च करून शेवटी जे कळेल, त्यावर उपाय म्हणून त्या मुलीला द्यायची ती हीच सुई.

शेवटचा आक्षेप मला लोणी आणि नगरच्या ओळखीच्या डॉक्टरांकडूनच ऐकायला मिळतो, आणि तो जनुकांचा नाहीच. ‘आम्ही शिबिरं घेतो हो, बायकाच येत नाहीत.’ येत नाहीत, हे खरं. पण शिबिरं कधी लागतात ते पाहा: बरीचशी डिसेंबर ते मार्च, निधी संपवायच्या दिवसांत. तेव्हा पाथर्डी-शेवगावच्या निम्म्या वस्त्यांना कुलूप असतं, बायका फडावर असतात. त्या परततात एप्रिल-मेमध्ये. उन्हाळ्यात, संध्याकाळी, उपकेंद्रात, बाई तपासणारी असेल अशा ठिकाणी बोलवा. नमुना तिचा तिला घेऊ द्या, एचपीव्हीच्या तपासणीत ते चालतं. आणि साखर कारखान्यांना गाळपाचा परवाना देताना तळावर तपासणीची अट घाला.